शामेच्या आंब्यातली होडी

झाड फार लवकर पडलं.

एवढा थोरला आंबा पाडायचा म्हणजे दुपारची नमाज होईल, असं सगळे धरून चालले होते. बायकांनी अजून कसावासुद्धा सोलायला घेतला नव्हता. शामे फाकीनं बिस्मिल्ला म्हणून पहिला घाव घातला, मग दोन गड्यांनी पाळीपाळीनं घातले. ढलपे उडाले. लाकूड चांगलं पिवळं, चिवट लागत होतं. शामेची पाळी परत आली. त्यानं पाय रोवले, दम धरून कुऱ्हाड हाणली, आणि कुऱ्हाड आत गेली ती गेलीच. भाकरीचा पापुद्रा फोडून बोट आत जावं तशी दांड्यापर्यंत गेली. ती उपसायला त्यानं हिसडा दिला, तोवर वर कुठंतरी करकरलं आणि कुणी ‘सरका’ म्हणायच्या आत झाड कलंडलं.

आवाजही झाडाचा आला नाही. रिकामं पिंप उताराला लागावं तसा भडाभडा आवाज झाला, खोड उभं उकललं आणि त्याच्या पोटातून काळा धूर निघाला. धूर भर उन्हात वर गेला, गिरकी घेऊन परत खाली आला आणि मग त्याला पंख दिसले.

"पेपो! झाडातला पेपो सुटला!" कुणीतरी बोंबललं.

भुताचं नाव निघाल्यावर कोण थांबतो? जो तो वाट फुटेल तिकडं पळाला. गावचा कारभारी, ज्याला आम्ही शेहा म्हणतो आणि ज्यानं झाड तोडायची परवानगी दिली होती, तो पुढं छाती काढून उभा होता. तो सगळ्यांच्या आधी पळाला. त्याची एक वहाण कसाव्याच्या सरीत राहिली. बी तिमे तेवढी जागची हलली नाही, कारण रान तिचं होतं. झाड शामेच्या आईकडून आलेलं, झाडाखालची भुई बी तिमेची. पेंबा बेटावर असंच चालतं. झाडाचा धनी एक, मातीचा दुसरा, आणि सावलीवरून भांडायला दोघंही मोकळे.

"पळताय कुटं, मुडद्यांनो!" ती ओरडली. "वाघळं हायती ती! माज्या कसाव्यावरनं पळू नका!"

वटवाघळंच होती. मुठीएवढी, उन्हानं आंधळी झालेली, एकमेकांवर आपटत होती.

शामेनं ना पेपो बघितला ना वाघूळ. तो उकललेल्या खोडापाशी उकिडवा बसला होता. आत जिथं लाकूड असायला पाहिजे तिथं ओला, तपकिरी भुगा होता, चहाच्या चोथ्यासारखा. त्यानं त्यात हात घातला. मनगट गेलं, कोपर गेलं, खांदा टेकला तरी लाकूड लागेना. काठाला चार बोटं साल आणि लाकूड, बाकी सगळं खलास.

"असं कसं?" तो म्हणाला. माणसाला म्हणाला नाही, झाडालाच म्हणाला. "वुआई मेव्हण्यानं तर ‘तयारी’ म्हणून सांगितलं हुतं."

आता हा शामे कोण, ते सांगायला पाहिजे.

किवुंबानी गावात लवंगा खुडणारे पुष्कळ, त्यातला तो एक. हंगामात लवंगेच्या झाडावर चढायचं, हंगाम सरला की नारळ सोलायचे, कसावा लावायचा. अंगानं काटकुळा, बोलायला गोड, आणि ऐन साठीतही माकडासारखा चढणारा. पण त्याचं मन कधी झाडावर नव्हतं. मन होतं किनाऱ्यावर, वुआई होडीवाल्याच्या झापाखाली.

वुआई म्हणजे शामेच्या बायकोचा भाऊ. त्याच्या हातची होडी पार पलीकडच्या मुख्य किनाऱ्यापर्यंत ओळखली जायची. आख्खा आंबा आडवा पाडायचा, कुऱ्हाडीनं पोट उघडायचं, वाकसानं तासत तासत भिंत बोटभर जाड ठेवायची, मग दोन्ही अंगांना तोल धरायला उलांडीच्या फळ्या बांधायच्या, शीड चढवायचं. शामे हे पोरवयापासून बघत आला. काम सुटलं की तो तिथं जाऊन बसायचा, पायाशी उडालेला ढलपा उचलून नाकाला लावायचा. घरी येऊन नारळाच्या करवंटीच्या, माडाच्या पेंडक्याच्या होड्या करायचा. गावातलं एकही लेकरू असं नव्हतं की ज्यानं शामेची होडी डबक्यात सोडली नाही. पण खरी होडी, माणूस बसेल अशी, आपल्या हातानं करायची, हा त्याचा ध्यास. मयतीला गेला तरी दोन घटकेत बोलणं होडीवर यायचं. तिचं नावही त्यानं ठेवून टाकलं होतं, सुबिरा. म्हणजे सबुरी.

"पोटात गर्भ न्हाई आन् बारसं उरकलंय," असं त्याची बायको मिझे म्हणायची.

आई गेली आणि आंबा शामेच्या वाट्याला आला, त्या वर्षी तो वुआईला झाडाखाली घेऊन गेला. वुआईनं कुऱ्हाडीची पाठ खोडावर आपटली, कान लावला, बरंच काही बोलला आणि शेवटी म्हणाला, "दरसाल मोठा पाऊस सरला की मी येत जाईन. ठोकून बगत जाऊ."

तेव्हापासून ती रीतच पडली. पाऊस सरायचा, वुआई बहिणीकडं यायचा, नारळाच्या दुधातला भात खायचा, आणि मग दोघं मेव्हणे बी तिमेच्या रानात जायचे. वुआई तीन ठिकाणी ठोकायचा, कान लावायचा. शामे श्वास धरून विचारायचा, "बादो?"

वुआई म्हणायचा, "बादो."

बादो म्हणजे अजून नाही. आमच्याकडं तोंडावर ‘नाही’ म्हणणं हे थुंकण्यासारखं. लग्न झालं का, असं म्हाताऱ्या ब्रह्मचाऱ्याला विचारा, तोही ‘बादो’ म्हणेल. अल्लाच्या मनात काय आहे ते आपण कोण ठरवणार? तर, बादो म्हटलं की विषय संपला. दोघं परत यायचे, लवंग घातलेला चहा प्यायचे, पुढच्या वर्षापर्यंत मिटलं.

अशी किती वर्षं गेली ते मोजत बसण्यात अर्थ नाही. पहिल्या वर्षी शामेच्या खांद्यावर बसून झाड बघायला आलेल्या त्याच्या लेकीला, रुकियाला, आता स्वतःची पोरं झाली होती. गावात म्हणच पडली. रस्ता कधी होणार? शामेच्या होडीत बसून येईल. तुझा नवरा सुधारणार कधी? शामेची होडी सुटली की. शामे हसायचा. म्हणायचा, "लाकूड पिकल्याबिगर तोडू नये, बाबांनो. घाई करणाऱ्याची होडी बुडती."

आणि ह्या वर्षी वुआईनं ठोकलं, कान लावला, परत ठोकलं. डोक्यावरची कोफिया काढून हातात घेतली. शामेनं विचारलं, "बादो?"

वुआई हळूच म्हणाला, "तयारी."

तयारी म्हणजे झालं, बादोच्या उलट. शामेला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "तयारी?"

"तयारी, शेमेजी." शेमेजी म्हणजे मेव्हणा. वुआईनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "पोले." आणि चहासुद्धा न घेता तो किनाऱ्याकडं निघून गेला. शेजारच्या बेटावर त्याचं काम अडलं होतं, भरती गाठायची होती.

शामेनं त्या संध्याकाळी गावभर दवंडी पिटल्यासारखं सांगितलं. तयारी! झाड तयार झालं! मेव्हण्याचा गळासुद्धा दाटून आला होता, म्हणाला. पोले हा धीराचा शब्द तर आमच्याकडं ठेच लागली तरी म्हणतात आणि मोठं काम पुढं असलं तरी म्हणतात. शामेला वाटलं, पुढच्या कष्टांसाठी म्हणाला.

तर हे असं झाड, आणि ते असं पडलेलं.

पळालेले लोक एकेक करून परत आले. तोंडावर हात ठेवून खोडात डोकावले. ज्यांनी जन्मभर शामेची टिंगल केली तेच जास्त गप्प होते. टिंगल करायला होडी होण्याची आशा लागते, ती आता उरली नव्हती. एवढा आंबा आता आसपासच्या चार गावांत नव्हता. असता तरी तो दुसऱ्याच्या आईचा असता.

शेहा एका पायात वहाण घालून आला आणि म्हणाला, "अल्लाची मर्जी."

"अल्लाच्या नावावर ढकलू नका," बी तिमे म्हणाली. "हे मेलं कवाचं सडलंय बगा. लेकरानंबी सांगितलं असतं. वाघळं काय परवा राहायला आली?"

"ती आंब्याला येत्यात असं वाटलं," शामे म्हणाला.

"बिनहंगामात?"

खरंच की. वर्षभर संध्याकाळी ती झाडातून निघायची. शामेनं बघितली होती. बघून घरी गेला होता.

मिझे आली. खोड बघितलं, नवऱ्याचा खांद्यापर्यंत माखलेला हात बघितला. ती जन्माची तोंडाळ बाई, पण तिनंही आधी खाली बसून घेतलं. मग म्हणाली, "बाबा रुकिया, उठा. भाऊ आलाय किनाऱ्यावर. सकाळच्या भरतीला आलाय. जाऊन इचारा त्याला."

शामेनं सदऱ्याच्या टोकात मूठभर भुगा बांधला आणि तडक किनारा गाठला. वुआई झापाखाली माणसांबरोबर बसून आल्याची कॉफी पीत होता. शामेनं भुगा त्याच्या पुढ्यात ओतला.

"हे काय हाय?"

वुआईनं चिमूट घेऊन नाकाला लावली. "कुजका आंबा. तुमचाच का? तोडलात व्हय? बरं केलंत. वाऱ्यात कुणाच्या तरी डोक्यावर पडला असता."

"बरं केलं?" शामेचा आवाज चिरकला. "तुमीच तयारी म्हणून सांगितलं न्हवं?"

"व्हय. सांगितलं की. मग खोटं हाय का? बगा की, गेलाच हाय आतनं."

"गेलाय म्हणून तयारी?"

"मग कशाची?"

"होडीची!" शामे ओरडला. रागाच्या भरात ‘तुमी’चं ‘तू’ झालं. "एवढी वर्षं बादो, बादो म्हणत आलास, आन् आता तयारी म्हणालास! मी परवानगी काढली, माणसं बोलावली!"

वुआईनं कॉफीचा पेला खाली ठेवला. तो वाळूत नीट बसेना, कलंडला. कुणी उचलला नाही.

"थांबा, शेमेजी," तो म्हणाला. "थांबा. तुमी दरसाल मला काय इचारत हुता?"

"बादो, म्हणून."

"म्हंजी?"

"म्हंजी लाकूड पिकलं का अजून न्हाई, असं."

"लाकूड पिकतं व्हय?" वुआईनं आपल्या माणसांकडं बघितलं, जणू कुणीतरी सांगेल की ही थट्टा आहे. "आवं, पहिल्या वर्षी मी काय बोललो? आंबा आतनं जातो म्हणालो का न्हाई? वरनं हिरवागार आन् आतनं पोकळ. म्हणून म्हणालो, दरसाल ठोकून बगू, सडाय लागलाय का ते. तुमी इचारायचा, बादो? मी म्हणायचो, बादो. अजून सडला न्हाई. अजून बरा हाय."

शामे उभाच होता.

"आन् होडीचं म्हणाल," वुआई म्हणाला, आणि मग तोच दचकला, पण तोवर शब्द निघून गेला होता, "होडीजोगा तर तो पहिल्याच वर्षी हुता."

एका गड्याला हसू आलं. आधी नाकातून आलं, मग त्यानं तोंड दाबलं. बाकीच्यांनी त्याच्याकडं असं बघितलं की तो उठून पाण्याकडं गेला.

"पहिल्याच वर्षी," शामे म्हणाला.

"चांगला हुता. मध्यम होडी झाली असती. मग मोठी झाली असती. मग लई मोठी झाली असती." वुआईनं कोफिया काढली, डोकं पुसलं. त्याचाही चेहरा उतरला होता. "मला वाटायचं, शेमेजीला आंबे आवडत्यात. फळ देतोय तवर देऊ दे. दुसऱ्याच्या आईच्या झाडावर कुऱ्हाड घाल, असं मी कशा तोंडानं सांगू? तुमी होडी होडी म्हणायचा, मला वाटायचं, बोलायला बरं वाटतं म्हणून बोलत्यात. माणसं मक्केलाबी जायचं म्हणत्यात की जन्मभर."

आता ह्याला काय म्हणावं? एक ठोका, एक शब्द. एक मेव्हणा विचारत होता पिकलं का, दुसरा सांगत होता सडलं नाही. आणि मध्ये तो आंबा उभा, दोघांच्या बोलण्याला साक्षी, हळूहळू स्वतःला आतून खात.

शामे घरी आला तेव्हा ऊन उतरलं होतं. त्यानं मिझेला सगळं सांगितलं. ती आधी हसली. पार डोळ्यातून पाणी येईपर्यंत हसली, अंगावरच्या कांग्याचं टोक तोंडात कोंबून हसली. मग एकदम थांबली.

"एक सांगा मला," ती म्हणाली. "डाक्टरनं गोळी दिली तर धा वेळा इचारता. कशानं, कवा, उपाशी का जेवून. मासळीवाला आला तर कल्ला उचलून बगता. आन् हितं, जिच्यावाचून तुमाला झोप न्हाई म्हणता त्या होडीसाठी, एवढ्या वर्षांत दुसरा शब्द इचारला न्हाई? का बादो? अजून काय कमी हाय? किती जाड व्हायला पायजे? एकदाबी न्हाई?"

"तो कारागीर हाय. त्यानं म्हटल्यावर..."

"माजा भाऊ हाय तो. पोरगा हुता तवापास्नं बघतीय त्याला, दोन शब्द इचारले की धा सांगतो. तुमी इचारलंच न्हाई."

ती चुलीकडं गेली. शामे ओट्यावर बसून राहिला. बायको बोलून गेली त्याचा राग यायला हवा होता, पण आला नाही. त्याला काहीतरी आठवत होतं.

दर वर्षी बी तिमेच्या रानातून परत येताना त्याची पावलं हलकी पडायची. हे त्याला आज आठवलं. वुआई ‘बादो’ म्हणायचा आणि छातीवरचा दगड उतरल्यासारखं व्हायचं. चहा गोड लागायचा. रात्री गाढ झोप यायची. एका वर्षी वुआईनं खोडाला कान लावून नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला होता, तेव्हा शामेच्या तोंडाला कोरड पडली होती. हा आता हो म्हणाला तर? तर उद्या कुऱ्हाड धरावी लागेल. वाकस धरावा लागेल. आणि सगळा गाव बघेल की करवंटीच्या होड्या करणाऱ्या शामेला खरी होडी येते की नाही. न केलेली होडी कधी बुडत नाही. ती गावातली सगळ्यात सरळ होडी होती, शामेची सुबिरा.

त्याला स्वतःचीच भीती वाटली. झाडात वाघळं होती तसं आपल्यातही काहीतरी राहत होतं आणि आपण ते रोज संध्याकाळी बघत होतो, असं त्याला वाटलं. मिझेनं जेवायला हाक मारली तर तो दचकून उठला.

दुसऱ्या दिवशी बी तिमेनं निरोप धाडला. मेलेलं झाड उचला, नाहीतर कसाव्याचं भरून द्या. शामे कुऱ्हाड घेऊन गेला आणि सरपणासाठी फांद्या तोडायला लागला. थोड्या वेळानं वुआई आला. एकेका फांदीवर कुऱ्हाडीची पाठ आपटत, कान लावत फिरला. शेंड्याकडच्या एका जाड फांदीपाशी तो थांबला. परत ठोकलं.

"हिकडं या," त्यानं हाक मारली. "ही ऐका."

शामेनं कान लावला. आवाज भरीव आला, दगडासारखा.

"मोठी न्हाई हुणार," वुआई म्हणाला. "एक माणूस आन् त्याची टोपली. तुमच्या आईच्या तरणेपणी खोड जेवढं हुतं, तेवढी ही फांदी झालीया आता. माज्या माणसांना सांगतो. पुढच्या भरतीपतोर कोरून देत्यात. माज्याकडनं. चूक माजीबी हाय."

"नको," शामे म्हणाला. "मी कोरणार."

वुआईनं त्याच्याकडं बघितलं. बी तिमेनं खुरपं थांबवलं.

"तुमी? शेमेजी, तुमाला येतं का?"

शामेचं तोंड उघडलं. आमच्या कुणाचंही उघडलं असतं तसं सवयीनं उघडलं, आणि तो शब्द जिभेवर आलाही असेल. पण तो म्हणाला, "न्हाई."

सरळ, उघडं, नाही. असं आमच्याकडं कोण बोलतं? बी तिमेनं खुरपं हातातून टाकलं आणि "या अल्ला," म्हणाली. वुआई असा मागं सरकला की जणू कुणी त्याच्या तोंडावर पाणी मारलं.

"येत न्हाई," शामे परत म्हणाला. "वाकस द्या तुमचा."

मग जे चाललं ते बघून गाव रोज नव्यानं थक्क व्हायचं. बायका पाण्याला जाताना वाट वाकडी करून जायच्या. शामेच्या हाताला लवंगेची फांदी वाकवायची सवय, वाकसाची नव्हती. पहिल्याच दिवशी वाकस निसटून नडगीला लागला. दुसऱ्या दिवशी एका अंगानं जास्त तासलं गेलं, मग ते सावरायला दुसऱ्या अंगानं तासलं, मग ते सावरायला परत पहिल्या. भिंत पातळ होत गेली. एकदा तळालाच तळहाताएवढं भोक पडलं. शामे त्या भोकातून खालची वाळू बघत बसला, आणि त्याच्या तोंडावर असा भाव होता की लोकांना वाटलं, झालं, आता सोडतो.

वुआई लांबून म्हणाला, "ठिगळ बसतं."

"कसं?" शामेनं विचारलं. "लाकूड कुठलं? किती जाड? आधी तेल का आधी कापूस?"

वुआईनं आ वासला. ह्या माणसानं त्याला असे प्रश्न आजवर कधी विचारले नव्हते. तो जवळ येऊन बसला आणि सांगायला लागला, आणि मिझे म्हणाली होती तसंच झालं. दोन विचारले, दहा सांगितले. ठिगळ मुशीच्या तेलात भिजवलेल्या कापसानं बसवलं. ते दिसायला खरुजेसारखं दिसायचं.

लवंगांचा हंगाम आला. शामे झाडावर चढला नाही. हा धक्का मात्र घरालाच बसला. मिझेनं चार दिवस त्याच्याशी बोलणं टाकलं, पाचव्या दिवशी स्वतः खुडायला गेली आणि परत येऊन म्हणाली, "वर चढून बघितलं. तितनं तुमची होडी दिसती. वाकडी हाय."

"कुठल्या अंगाला?"

"डाव्या."

शामे होडीभोवती फिरला. त्याला ती सरळ दिसत होती.

ओहोटी लागायच्या बेतानं, सकाळी, होडी पाण्यात ढकलली तेव्हा सगळा किवुंबानी किनाऱ्यावर होता. शेहा होता, दोन्ही वहाणा घालून. होडी पाण्यात गेली, एकदा हलली आणि डाव्या अंगाला कलली ती तशीच राहिली. एका अंगाची उलांडी पाण्यात बुडालेली, दुसऱ्या अंगाची हवेत, बगळ्यानं पाय उचलावा तशी.

कुणी हसलं नाही. वुआईनं डोळे मिटून घेतले. आयुष्यात त्याच्या किनाऱ्यावरून अशी होडी गेली नव्हती.

"शेमेजी," तो म्हणाला, "बाहेर वढा. एका दिवसात सरळ करून देतो. माज्यासाठी तरी."

"राहू दे," शामे आत चढत म्हणाला. "दुसरी करताना बगू."

"दुसरी?" मिझे किंचाळली.

तो उजव्या काठावर जाऊन बसला, अर्धं ढुंगण काठाबाहेर काढून, तेव्हा कुठं होडी थोडी सावरली. शीड फडफडलं, मग भरलं. होडी निघाली. मिझे गुडघाभर पाण्यात गेली आणि तिथंच थांबली, कांगा भिजला तरी हलली नाही.

तो दुपारनंतर परत आला. टोपलीत तीन लहान मासे होते आणि होडीत घोटाभर पाणी.

ह्याला काही वर्षं झाली. दुसरी होडी झाली, ती उजवीकडं कलते. ती त्यानं जावयाला दिली. तिसरीचं लाकूड वुआईच्या झापाखाली पडलंय. स्वतः तो अजून पहिलीच घेऊन जातो, तशीच उजव्या काठावर अर्धा बाहेर बसून. आम्हाला सवय झाली, पण लांबून बघणाऱ्याला वाटतं, हा म्हातारा आता पडणार. परगावची माणसं किनाऱ्यावर उभी असली की अजून ओरडतात, धावाधाव करतात, कुणी तर कपड्यांसकट पाण्यात शिरतं. शामे त्यांना सलाम करावा तसा हात वर करून हलवतो. त्यांना वाटतं, वाचवा म्हणतोय.